शिवायला आलेली गोधडी

वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टाचा निकाल क्रॅबट्री खोऱ्यात पोचला, तेव्हा वेल्डाच्या मांडीवर मटारचं पातेलं होतं आणि समोरच्या खुर्चीत बर्निस होती. स्वयंपाकघरातला टीव्ही मोठ्याने लावून ठेवला होता. बर्निसला कमी ऐकू येतं हे निमित्त. खरं तर वेल्डालाच एक शब्दही चुकवायचा नव्हता.

"कायदा कायम राहिला आहे," टीव्हीवरची मुलगी सांगत होती. "नऊपैकी आठ न्यायमूर्तींचं एकमत झालं..."

वेल्डाचे हात थांबले. अर्धी उघडलेली शेंग तशीच बोटांत राहिली.

"म्हणजे काय झालं गं?" बर्निसने विचारलं. "कोण जिंकलं?"

"कपाट बंदच राहणार," वेल्डा म्हणाली आणि तिने नकळत गळ्यापाशी हात नेला. झग्याच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने टाचलेली पितळी किल्ली तिथेच होती.

ऑक्टोबरपासून ती किल्ली त्या जागी होती. आंघोळीला जाताना, चर्चला जाताना, झोपताना. छातीवर तिचा एक गोल ठसाच पडला होता. वेल्डाने मोठा श्वास घेतला आणि तिच्या लक्षात आलं की असा पोटापर्यंत पोचणारा श्वास आपण कित्येक महिन्यांत घेतलेला नाही.

"अगं, रडतेस काय?" बर्निस म्हणाली. "मटार खारट होतील."

"होऊ देत. मीठ वाचेल."

मग दोघी हसल्या, आणि बर्निसनेही डोळे पुसले, कारण कपाटाची गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

ते कपाट पुढच्या खोलीत होतं. वेल्डाच्या नवऱ्याने, हार्लनने, पुरात उन्मळून पडलेल्या अक्रोडाच्या झाडाचं ते स्वतःच्या हाताने केलं होतं. आत प्रत्येक बंदुकीला तिची खोबण, खोबणीला हिरव्या बनातीचं मऊ अस्तर. हार्लन गेल्यावर बंदुका त्यांच्या मुलाकडे, ट्रॉयकडे गेल्या आणि कपाट रिकामं राहिलं. मागच्या ऑक्टोबरात त्या सगळ्या परत आल्या. शेरिफचा डेप्युटी कर्टिस याने गाडीतून उतरवल्या आणि ट्रॉयने मान खाली घालून एकेक खोबणीत ठेवल्या.

त्याच्या आधीच्या आठवड्यात ट्रॉयच्या घरातल्या फ्रिजच्या दारातून एक गोळी आरपार गेली होती. दारावर त्याच्या लहान मुलीने, टेसाने, काढलेलं चित्र चिकटवलेलं होतं. शॉना, ट्रॉयची बायको, फ्रिजपासून हातभर अंतरावर उभी होती. ट्रॉय पुढे सगळ्यांना सांगत राहिला की मारायचं मनात नव्हतं, नुसतं घाबरवायचं होतं. शॉनाने टेसाला उचललं, अनवाणीच गाडीत बसली आणि सरळ सासूच्या दारात आली. माहेरी नाही, सासूकडे. वेल्डा ते कधी विसरली नाही.

काउंटीच्या कोर्टातल्या जजबाईंनी हुकूम दिला की ट्रॉयने शॉनाच्या जवळपास फिरकायचं नाही, आणि हुकूम आहे तोवर बंदूक बाळगायची नाही. घरातल्या कुणा जबाबदार माणसाने त्या कुलपात ठेवल्या तर चालेल, असंही म्हणाल्या. सगळ्यांनी वेल्डाकडे पाहिलं. वेल्डाने सही केली.

तेव्हाच ट्रॉयच्या वकिलाने त्याला टेक्सासच्या एका माणसाची हकिगत सांगितली होती. त्याच्यावरही असाच हुकूम होता, तरी त्याच्याकडे बंदुका सापडल्या. तो म्हणाला, शस्त्र बाळगणं हा माझा हक्क आहे, देशाच्या घटनेतच लिहिलंय. तिकडच्या वरच्या कोर्टाने ते मान्य केलं आणि हा कायदाच रद्द ठरवला. आता प्रकरण वॉशिंग्टनला गेलं होतं. तिथेही तसंच ठरलं, तर वकील त्याच दिवशी अर्ज करणार होता.

"कोर्टाने दे म्हटलं तर देशील ना?" ट्रॉयने विचारलं होतं.

"कोर्ट म्हणेल तसं," वेल्डा म्हणाली होती. वेल्डाने शब्द दिला की दिला, हे खोऱ्यात लहान मुलालाही माहीत होतं. ट्रॉयलाही. आणि याच एका गोष्टीने तिची झोप उडवली होती. पोटच्या पोराला हवा तो निकाल लागू नये म्हणून ती रोज प्रार्थना करत होती. प्रार्थनेत तसं उघड म्हणायची लाज वाटे, म्हणून नुसतं "तुला कळतंय मला काय हवंय ते" एवढंच म्हणायची.

टीव्हीवर आता दाढीवाला वकील बोलत होता. न्यायमूर्तींनी जुना काळ धुंडाळला, तो सांगत होता. देश नवा होता तेव्हा धोकादायक माणसाच्या हातातून शस्त्र काढून घ्यायची रीत होती का, हे पाहिलं. होती असं त्यांना दिसलं.

"इतकी वर्षं मागे जायची काय गरज होती?" बर्निस म्हणाली. "आपल्याला विचारायचं. आपण सांगितलं असतं."

"गोधड्यांचं?"

"दुसरं कशाचं?"

वेल्डा नवी नवरी होऊन या खोऱ्यात आली, तेव्हा प्रत्येक घराच्या दारामागे खुंटीवर बंदूक असायची, जशी टोपी असते तशी. हरणांच्या मोसमात पोरं शाळेला जाताना ट्रकच्या मागच्या काचेला रायफल लावून जायची आणि मास्तर नळीतून डोकावून म्हणायचे, साफ कर रे जरा. त्या दिवसांत कुणाला बंदुकीची भीती वाटत नसे. भीती वाटायची ती माणसाची. खाण बंद पडली, पगार थांबला, दारू वाढली, की एखाद्या घरातला माणूस बदलायचा. मग त्या घरातली बाई एका सकाळी शेजारणीकडे गोधडी घेऊन जायची. गुंडाळलेली, दोरीने बांधलेली, गोधडीच्या मानाने फार जड.

"जरा उसवलीय गं. टाके घालून देशील?"

"फार उसवलीय का?"

"बरीच."

बस, एवढंच. शेजारीण गोधडी पलंगाखाली सरकवायची. खोटं बोलल्याचं पाप नको, म्हणून खरोखर चार टाकेही घालायची. आणि एक नेम होता. गोधडी परत न्यायला बाईनेच यायचं. नवरा मागायला आला, तर "अजून व्हायचीय" एवढंच सांगायचं, मग तो दारात कितीही वेळ उभा राहो. असा दारात उभा राहून निमूट परत गेलेला माणूस वेल्डाने स्वतः पाहिला होता. तेव्हा शेरिफ लांब होता, कोर्ट त्याहून लांब. गोधडी मात्र हाताशी होती.

तिने स्वतःही एक गोधडी नेली होती. खाण बंद झाली त्या साली हार्लन मागच्या पायरीवर रायफल मांडीवर घेऊन बसायचा. बोलायचा नाही, जेवायचा नाही, नुसता डोंगराकडे बघायचा. त्याने दुसऱ्या कुणाला इजा केली नसती. ती भीती वेगळीच होती. वेल्डाने तो झोपलेला असताना रायफल उचलली, सासूने दिलेल्या निळ्या गोधडीत गुंडाळली आणि ओढा ओलांडून बर्निसकडे नेली. सफरचंदांना फुलं आली तेव्हा एक दिवस हार्लन आपणहून म्हणाला, "तुझी ती गोधडी झाली असेल आता." मग तिने आणली. त्यानंतर तो तीस वर्षं जगला, कपाट केलं, पोराला शिकार शिकवली, चर्चमध्ये बेसुरा गायला.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. ऑक्टोबरात, बंदुका खोबणीत ठेवून झाल्यावर ट्रॉय कडू आवाजात म्हणाला होता, "डॅडच्या वेळेला असलं काही नव्हतं. घरात घुसून माणसाची बंदूक काढून घ्यायची! डॅडने सहन केलं असतं का?" तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. पायरी, रायफल, निळी गोधडी, बर्निसचा पलंग. ट्रॉयचा चेहरा पांढरा पडला. तो तडक निघून गेला. बापाबद्दल आपण सांगायला नको होतं का, या विचाराने ती पुढे कित्येक दिवस कुढत राहिली.

आणखी एक गोष्ट तिला टोचत होती. कपाटातली एक खोबण रिकामी होती. अगदी कडेची, लहान. तिथे ट्रॉयची खारीची बंदूक असायची, खारींच्या शिकारीची, हार्लनने त्याला पहिल्या मोसमाला दिलेली. "ती विकली, बाजारात, पलीकडच्या काउंटीत," असं ट्रॉयने जजबाईंना सांगितलं होतं. वेल्डा दर शनिवारी कपाटाची काच पुसायची, आणि दर शनिवारी ती खोबण तिच्याकडे बघायची.

फोन वाजला. शॉना होती.

"मॉम, ऐकलंत?"

"ऐकलं गं पोरी."

शॉना म्हणाली, "मी कामावर आहे. इथे बाथरूममध्ये येऊन बसलेय."

"बस मग. काही घाई नाही."

"संध्याकाळी येऊ का? टेसा म्हणतेय मॅमॉ आजीकडे जायचं. चर्चच्या उन्हाळी शाळेत तिने तुमच्यासाठी काहीतरी केलंय, डिंक सगळा केसांत आहे."

"ये. मटार आणि नवे बटाटे करते."

घरात लोणी नव्हतं. बर्निसला तिच्या दारात सोडून वेल्डा खाली पेट्रोलपंपावरच्या दुकानात गेली. तिथे कॉफीच्या यंत्रापाशी नेहमीची म्हातारी मंडळी जमली होती आणि त्यांनी निकालावर तोंड सोडलं होतं.

"आज टेक्सासवाल्याची बंदूक घेतली, उद्या माझी घेतील," हॉबर्ट म्हणत होता. हॉबर्ट जन्मभर खाणीत होता आणि जन्मभर सरकारवर चिडलेला होता.

"तुझी घेऊन सरकार करणार काय?" दुकानदार म्हणाला. "तुझ्या बंदुकीने गेल्या मोसमात काय मारलं, सांग बघू."

"एक हरीण."

"ते ट्रकखाली आलं होतं, हॉबर्ट."

सगळे हसले. मग हॉबर्टला वेल्डा दिसली आणि त्याने टोपी काढली. "मिस वेल्डा. तुमच्या पोराचं वाईट वाटतं हो. माणसाचा हक्क म्हणजे हक्क."

वेल्डाने लोण्याचा पुडा काउंटरवर ठेवला. "हॉबर्ट, तुझ्या आईने माझ्या सासूकडे गोधडी किती वेळा आणली होती, आठवतंय तुला?"

हॉबर्टने टोपी हातात फिरवली. त्याचा बाप चांगला माणूस होता, दारू नसताना.

"आठवतंय," शेवटी तो म्हणाला. "लाल चौकटीची होती." आणि त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

दुकानदार सुटे पैसे देता देता म्हणाला, "ट्रॉयचा ट्रक आत्ताच वर गेला, मिस वेल्डा. तुमच्याच वाटेने. थांबला नाही, बघितलं पण नाही इकडे."

सुटे पैसे न मोजताच वेल्डा गाडीकडे वळली. शॉना संध्याकाळी यायची होती, त्याला अजून अवकाश होता. पण ट्रॉय हरला होता, आणि हरलेला ट्रॉय तिने लहानपणापासून पाहिला होता. फुटबॉलची मॅच हरला की गोठ्याच्या दारावर लाथा घालायचा. घरापर्यंतच्या चढावर तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच चढवली. कपाटाची काच फुटलेली असेल, असं तिला वाटत होतं. तसं असेल तर काय करायचं, तेही तिने ठरवलं होतं. दारात उभं राहायचं. तो दार तोडेल, पण आईला बाजूला ढकलणार नाही. बहुधा.

ट्रॉय व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. काच शाबूत होती. त्याच्या मांडीवर एक गोधडी होती, गुंडाळून दोरीने बांधलेली.

वेल्डा गाडीतून उतरली, लोणी हातात तसंच.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं."

त्याने दाढी केली नव्हती, डोळे लाल होते, पण दारूचा वास नव्हता. तो उठला आणि गोधडी दोन्ही हातांवर तिच्यापुढे धरली, तान्हं मूल देतात तशी.

"उसवलीय, मॉम," तो म्हणाला. "टाके घालून दे."

वेल्डाने लोण्याचा पुडा कठड्यावर ठेवला आणि विचारायचं ते विचारलं.

"फार उसवलीय का?"

"बरीच."

गोधडी जड होती. आत नेऊन तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोरी सोडली. खारीची बंदूक. दस्त्यावर हार्लनने चाकूने कोरलेली ट्रॉयची अक्षरं. वेल्डाने नळी भिंतीकडे वळवली आणि हार्लनने शिकवलं होतं तसा नळीमागचा बोल्ट मागे ओढला. एक गोळी टुणकन टेबलावर पडली आणि मिठाच्या डबीपर्यंत घरंगळत गेली.

दोघंही त्या गोळीकडे बघत राहिली.

"गादीखाली असायची," ट्रॉय म्हणाला. "रोज रात्री विचार करायचो, उद्या देतो. सकाळी म्हणायचो, निकाल लागू दे."

"कुणासाठी ठेवली होतीस?" तिने हळूच विचारलं. विचारावंसं वाटत नव्हतं, पण विचारलं.

"माहीत नाही. शॉनासाठी नाही. शपथेवर सांगतो, नाही." त्याने मान फिरवली. "डॅड पायरीवर बसायचे म्हणालीस ना तू. तसंच काहीतरी."

वेल्डाने गोळी उचलून झग्याच्या खिशात टाकली. हात तिथेच राहू दिला.

"आज सकाळी ट्रकमध्ये ऐकलं," ट्रॉय सांगत होता. "वाटलं, आता राग येईल. वाट बघत बसलो रागाची. आला नाही. उलट वाटलं, सुटलो. खरं सांगू? दे म्हणाले असते, तर मला यावं लागलं असतं न्यायला."

"लागलं असतं? कुणी लावलं असतं?"

"खाली दुकानात सगळे बसलेले असतात, मॉम. पहिल्या दिवशी विचारलं असतं, आणल्यास का रे? नाही म्हटलं असतं तर काय सांगितलं असतं? मला भीती वाटते म्हणून? स्वतःचीच?" तो हसला, पण ते हसू धड नव्हतं. "आता विचारणार नाहीत. आता कोर्टच नाही म्हणतंय."

वेल्डाने गळ्याशी हात घालून पिन काढली. दोघं पुढच्या खोलीत गेली. कपाट उघडल्यावर अक्रोडाचा आणि तेलाचा वास आला, हार्लनच्या हातांना यायचा तसा. ट्रॉय हात खिशात घालून लांबच उभा राहिला. तिने बंदूक कडेच्या खोबणीत ठेवली. नीट बसली. कुलूप लावून किल्ली तिने पुन्हा जागेवर टाचली.

"कर्टिसला सांगावं लागेल," ती म्हणाली. "मी सही केलीय. लपवून ठेवता येणार नाही मला."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याकडे आणली."

तिने फोन केला. कर्टिस बर्निसचा भाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मोठा सुस्कारा सोडला. "जजबाईंना कळवावं लागेल, मिस वेल्डा. खोटं बोलला त्याचं काही ना काही होईल. पण आपण होऊन आणून दिली, हेही मी सांगेन. चार वाजायच्या आत येतो. त्याला म्हणावं, बसून राहा."

"बसलाय," वेल्डा म्हणाली. आणि खरंच तो पुन्हा पायरीवर जाऊन बसला होता, आतलं मटारचं पातेलं मांडीवर घेऊन. राहिलेल्या शेंगा सोलत होता आणि दर दोन शेंगांमागे एकीतले दाणे तोंडात टाकत होता, लहानपणी टाकायचा तसे.

"अर्धे खाल्लेस की तू," ती बाहेर येऊन म्हणाली. "तुझ्या लेकीला काय वाढू?"

त्याचे हात थांबले. "येणार आहे ती?"

"संध्याकाळी. तू गेल्यावर."

त्याने मान हलवली. पातेल्यातले दाणे पुन्हा तोंडात टाकले नाहीत.

वेल्डाने शिवणाची डबी आणली, चष्मा लावला आणि गोधडी मांडीवर पसरली. लग्नात शॉनाला तिनेच दिलेली होती ही. एका कडेची शिवण सुटलेली होती, खरीखुरी, हातभर. तिने सुईत दोरा ओवला. कित्येक वर्षांत हे काम तिने या कारणासाठी केलं नव्हतं, पण बोटांना सगळं आठवत होतं.

ओढ्यापलीकडे बर्निस तिच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिने इकडे पाहिलं. वेल्डाच्या मांडीवरची गोधडी तिला दिसली असावी, कारण तिने हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

खालच्या वळणावर कर्टिसच्या गाडीची धूळ दिसू लागली. ट्रॉय उठला, पँटवरची सालं झटकली.

"मॉम."

"हं."

"झाली का म्हणून विचारायला मी नाही यायचो," तो म्हणाला. "शॉनाच येईल. यायचं तर."

वेल्डाने मान वर केली नाही. डोळे भरले होते आणि सुई हातात होती.

"मी नाही करत घाई," ती म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.